अनवाणी गायक रिच मलिन्स



गिटार, ड्रम आणि मोठाले स्पीकर म्हटले की आपल्यापैकी अनेक आईवडिलांच्या कपाळावर आठी उमटते. मुले सांगतात, हा ख्रिस्ती बँडचा कार्यक्रम आहे, गाणी येशूचीच आहेत. तरी मनातली शंका जात नाही. ज्या गाण्यावर उड्या मारायच्या त्याला प्रार्थना कसे म्हणायचे? तिकडे तरुणांना वाटते की मोठ्यांना आपली भाषा कळतच नाही. या दोघांनीही ज्यांची ओळख करून घ्यावी असे एक गायक अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव रिच मलिन्स. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे सभासद नव्हते. पण तिच्या उंबरठ्यापर्यंत ते कसे आले, ही कथा आपण सर्वांनी वाचावी अशी आहे.

माळरानावरचे मेळावे

१९६९ साली अमेरिकेत वुडस्टॉक नावाचा रॉक संगीताचा प्रचंड मेळावा भरला. लाखो तरुण तेथे जमले. संगीताबरोबर तेथे अमली पदार्थांचाही सुळसुळाट होता. ते पाहून काही ख्रिस्ती शिक्षक व विद्यार्थी यांच्या मनात आले की तरुणांना संगीत हवे आहे, तर ते आपणच त्यांना का देऊ नये? पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, केंटकी राज्यातील विल्मोर या लहान गावी 'इक्थस' नावाचा मेळावा सुरू झाला. १९७२ च्या जून महिन्यात डॅलस शहरात 'एक्स्प्लो' हा मोठा मेळावा झाला. त्याच्या शेवटच्या दिवशी मोकळ्या जागेत झालेल्या संगीताच्या कार्यक्रमाला एक लाखाहून अधिक लोक आले होते असे सांगतात. १९८४ पासून २०१२ पर्यंत इलिनॉय राज्यात 'कॉर्नरस्टोन' हा मेळावा भरत असे. तेथे तर पंक गाणारे बँडही येत. पंक म्हणजे मोजके सूर, कर्कश गिटार आणि जवळजवळ ओरडून म्हटलेले गाणे.

अशा मेळाव्यांना तरुण तंबू घेऊन जात. तीन-चार दिवस उन्हात, पावसात, चिखलात राहत. दिवसा बायबलवर प्रवचने व चर्चा होत आणि रात्री संगीत. कित्येकांच्या श्रद्धेला तेथे पहिल्यांदा पालवी फुटली. पण एक धोकाही तेथेच होता. प्रभूसाठी गाणारे गायक हळूहळू स्वतःच नट-नट्यांसारखे प्रसिद्ध होऊ लागले. त्यांची छायाचित्रे व स्वाक्षऱ्या विकत घेतल्या जाऊ लागल्या. ख्रिस्ती संगीत हा मोठा व्यवसाय झाला. रिच मलिन्स यांचे सारे आयुष्य या धोक्याशी झगडण्यात गेले.

शेतकऱ्याचा मुलगा

रिचचा जन्म २१ ऑक्टोबर १९५५ रोजी इंडियाना राज्यातील रिचमंड येथे झाला. वडील झाडांची लागवड करून विकणारे कष्टकरी शेतकरी होते. आई क्वेकर पंथाची होती. शांततेवर आणि साधेपणावर भर देणारा हा ख्रिस्ती पंथ आहे. घरात पाच भावंडे. रिचच्या हाताला शेतीचे काम कधी नीट बसले नाही, तो रमायचा पियानोपाशी. पणजीने त्याला भक्तिगीते वाजवायला शिकवली. वडील अबोल, मुलगा हळवा, त्यामुळे दोघांचे फारसे जुळले नाही. याची खंत रिच यांना पुढे अनेक वर्षे होती आणि त्यांच्या गाण्यांतूनही ती डोकावते.

१९७४ साली ते सिनसिनाटी येथील बायबल महाविद्यालयात दाखल झाले. शिकता शिकता गाड्यांच्या तळावर काम केले, एका चर्चमध्ये तरुणांचे मार्गदर्शक म्हणून सेवा केली आणि मित्रांना घेऊन 'झायन' नावाचा बँड काढला. तरुणांच्या शिबिरांत हा बँड गात असे. १९८२ मध्ये त्यांनी रचलेले एक स्तुतिगीत एमी ग्रँट या प्रसिद्ध गायिकेने आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले. तेथून दार उघडले. ते संगीताच्या नॅशविल शहरात राहायला गेले आणि १९८६ मध्ये त्यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली.

याच काळात एका दुःखाला त्यांना सामोरे जावे लागले. जिच्याशी त्यांचे लग्न ठरले होते तिने काही वर्षांनी नाते तोडले. रिच यांनी पुढे लग्न केले नाही. एकटेपणाची ही वेदना त्यांनी लपवून ठेवली नाही. व्यासपीठावरून ते ती मोकळेपणाने बोलून दाखवत. ऐकणाऱ्यांमधल्या एकट्या पडलेल्या माणसांना त्यातून धीर मिळे.

टाळ्यांपासून दूर

१९८८ मध्ये आलेले 'ऑसम गॉड' हे त्यांचे गाणे जगभर पोहोचले. रात्रीच्या लांबच्या प्रवासात, गाडी चालवताना झोप लागू नये म्हणून मोठमोठ्याने प्रवचनकारांची नक्कल करता करता ते सुचले असे सांगितले जाते. आजही कितीतरी तरुण मेळाव्यांत ते गायले जाते. ज्यांना रिच यांचे नाव माहीत नाही त्यांनाही हे गाणे पाठ असते.

त्यांच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा जाणारा माणूस मात्र गोंधळून जाई. झगमगते कपडे घातलेल्या कलाकाराची वाट पाहावी, तर समोर येई दाढी वाढलेला, फाटकी जीन्स आणि साधा टी-शर्ट घातलेला, पायांत काहीही नसलेला माणूस. तो पियानोवर बसे. मध्येच हॅमर्ड डल्सिमर वाजवी. आपल्या संतूरसारखे, लहान काठ्यांनी वाजवायचे हे तारांचे वाद्य आहे. गाण्यांच्या मधे तो बराच वेळ बोले. कधी हसवी, कधी टोचून बोले. गरिबांकडे पाठ फिरवून पुन्हा जन्मल्याचा दावा करणाऱ्या ख्रिस्ती माणसांना तो सरळ प्रश्न विचारी. काहींना राग येई. आपले पैसे करमणुकीसाठी दिले आहेत, बोलणी खाण्यासाठी नव्हे, असे त्यांना वाटे.

कार्यक्रमाच्या शेवटी पुष्कळदा एक गोष्ट घडे. रिच सर्वांना एखादे साधे स्तुतिगीत म्हणायला लावत. वाद्ये थांबत. हजारो माणसे फक्त आवाजाने गात राहत. आणि लोक गात असतानाच रिच हळूच व्यासपीठावरून निघून जात. गाणे संपल्यावर लोक टाळ्या वाजवायला पाहत, तर समोर कोणीच नसे. गाणे ज्याच्यासाठी होते त्याच्याजवळच ते पोहोचावे, मधल्या माणसापाशी अडकू नये, हाच त्याचा अर्थ आम्हांला दिसतो. आपल्या गायकवृंदातील बंधुभगिनींनी यावर थोडा विचार करावा.

पैसा हा दुसरा मोह. त्यांच्या ध्वनिमुद्रिका खूप खपत होत्या. पण त्यांनी आपली सारी कमाई एका चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या आणि हिशेबनिसाच्या हाती सोपवली. त्यातून अमेरिकेतील सामान्य कामगाराला जितका पगार मिळतो तितकाच त्यांना मिळे. बाकीचे धर्मादाय कामाला जाई. आपण एकूण किती कमावले हे त्यांना माहीत नव्हते आणि त्यांनी ते कधी विचारलेही नाही. आकडा कळला तर देणे जड जाईल याची त्यांना जाणीव होती. गरीब मुलांच्या शिक्षणाचा व पोटापाण्याचा भार उचलणाऱ्या 'कम्पॅशन' या संस्थेसाठीही ते आपल्या कार्यक्रमांतून आवाहन करत.

संत फ्रान्सिसच्या वाटेवर

ही वाट त्यांना दाखवली असिसीच्या संत फ्रान्सिसने. फ्रान्सिसही तारुण्यात गाण्याबजावण्यात रमणारा होता आणि सर्व सोडल्यावर तो स्वतःला देवाचा भाट म्हणवत असे. रिच आणि त्यांच्या काही मित्रांनी फ्रान्सिसच्या नावाने एक छोटासा बंधुसंघ केला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते आपल्या परीने पाळायचा त्यांचा प्रयत्न होता. पूर्वी फ्रान्सिस्कन धर्मगुरू असलेले लेखक ब्रेनन मॅनिंग यांच्या पुस्तकाने रिच यांना खोलवर स्पर्श केला. देव चांगल्या माणसांवरच नव्हे, तर फाटक्या-तुटक्या माणसांवरही जीव टाकतो, हा त्या पुस्तकाचा गाभा. त्यावरूनच त्यांनी आपल्या बँडचे नाव 'रॅगमफिन', म्हणजे फाटक्या कपड्यांतली पोरे, असे ठेवले.

या बँडबरोबर १९९३ मध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रिकेचा पहिला भाग त्यांनी पवित्र मिस्साच्या उपासनेच्या क्रमावर बेतला. त्यात प्रेषितांच्या विश्वासांगिकाराला त्यांनी रॉक संगीताची चाल लावली. विचार करा, रविवारी आपण जो विश्वासांगिकार कधी कधी घड्याळाकडे पाहत भरभर म्हणून टाकतो, तो हजारो प्रॉटेस्टंट तरुण उभे राहून मोठ्याने गाऊ लागले. पुढे १९९७ मध्ये त्यांनी मित्रांसह संत फ्रान्सिसच्या जीवनावर एक संगीतिकाही केली. तिच्यात फ्रान्सिस अमेरिकेच्या माळरानावर वावरतो.

प्रसिद्धी शिखरावर असताना रिच कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात राहायला गेले होते. तेथे तिशी उलटल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १९९५ मध्ये त्यांनी संगीत शिक्षणाची पदवी घेतली. कशासाठी? लहान मुलांना शिकवण्यासाठी. त्याच वर्षी आपला तरुण मित्र मिच मॅक्विकर याच्यासह ते न्यू मेक्सिको राज्यातील त्से बोनिटो येथे, नवाहो आदिवासींच्या भागात गेले. तेथे साध्या घरात राहून त्यांनी मुलांना संगीत शिकवले. आदिवासींचा उद्धार करायला आपण आलो आहोत असा आव त्यांनी कधी आणला नाही. आपणच येथे शिकायला आलो आहोत असे ते मानत.

बंधुभगिनींनो, आम्ही येथे कोणा संताचे चरित्र सांगत नाही. रिच यांना दारूच्या सवयीशी झगडावे लागले. ते तापट होते, त्यांची जीभ सैल होती, जवळच्या माणसांना त्यांनी दुखावलेही. हे सारे ते कबूल करत. पडल्यावर उठून पुन्हा प्रभूकडे पाहायचे, हे त्यांना ठाऊक होते.

उंबरठ्यावर

विचिटामध्ये ते कॅथलिक श्रद्धा समजून घेऊ लागले. प्रौढांना ख्रिस्तसभेत प्रवेशासाठी तयार करणाऱ्या वर्गांना ते गेले. मिस्सालाही ते हजर राहत. आपल्या मृत्यूच्या अगदी थोडे आधी रिच यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत येण्याची इच्छा सांगितली होती, असे त्यांना शिकवणाऱ्या धर्मगुरूंनी नंतर सांगितले. त्यांच्या काही मित्रांचे मत वेगळे आहे. त्यांचा निर्णय झालेला नव्हता असे त्यांना वाटते. त्यामुळे रिच आमचेच होते असे सांगत सुटणे बरोबर होणार नाही. माणसाच्या अंतःकरणात शेवटी काय होते ते प्रभूच जाणतो.

१० सप्टेंबर १९९७ रोजी ते एका ओसाड चर्चमध्ये बसले आणि एका छोट्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी नऊ गाणी गाऊन ठेवली. सगळी येशूच्या जीवनावरची. ती पुढच्या ध्वनिमुद्रिकेची केवळ कच्ची तयारी होती. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरच्या रात्री, रिच आणि मिच जीपमधून इलिनॉय राज्यातून विचिटाकडे निघाले होते. तेथील विद्यापीठात मदतनिधीसाठी त्यांचा कार्यक्रम होता. वाटेत जीप उलटली. दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता. दोघेही बाहेर फेकले गेले. मागून येणाऱ्या मोठ्या ट्रकने जीप चुकवली, पण रस्त्यावर पडलेल्या रिच यांना त्याची धडक बसली. वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे जीवन संपले. मिच गंभीर जखमी झाला, पण वाचला आणि पुढे पुन्हा गाऊ लागला. ओहायो राज्यातील हॉलन्सबर्ग येथे, वडिलांच्या कबरीजवळ रिच यांना मूठमाती देण्यात आली. ज्या वडिलांशी आयुष्यभर मन मोकळे करता आले नाही त्यांच्याच शेजारी त्यांना विसावा मिळाला.

ती नऊ गाणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका तबकडीवर टेपरेकॉर्डरमधला त्यांचा खरखरीत आवाज, दुसरीवर मित्रांनी गायलेली तीच गाणी. हयातीत एकदाही न मिळालेला ख्रिस्ती संगीताचा वर्षातील सर्वोत्तम कलाकाराचा सन्मान त्यांना त्याच वर्षी मिळाला. तो घ्यायला ते नव्हते. कार्यक्रम संपवून ते नेहमीसारखेच आधी निघून गेले होते.

आपल्यासाठी

या जीवनातून आम्हांला चार गोष्टी उचलाव्याशा वाटतात. आईवडिलांनी, मुले ख्रिस्ती संगीताच्या कार्यक्रमाहून परत आली की आवाज किती होता एवढेच न विचारता, तेथून काय घेऊन आलात हेही विचारावे. आणि जमले तर एकदा त्यांच्याबरोबर जावे. तरुणांनी, कार्यक्रमातला आनंद घरच्या कामात, शेजाऱ्याच्या अडचणीत आणि रविवारच्या मिस्सात उतरतो की नाही ते स्वतःला विचारावे. तो तेथे उतरला नाही, तर ती केवळ करमणूक झाली.

तिसरी गोष्ट साधी आहे. गाडीत बसलात की पट्टा लावा आणि मोटारसायकलवर हेल्मेट घाला. जीव प्रभूने दिला आहे, तो सांभाळणे हीसुद्धा भक्तीच आहे.

आणि चौथी सर्वांसाठी. कोणाशी समेट करायचा राहिला असेल, बऱ्याच वर्षांत पापनिवेदन केले नसेल, वडिलांशी दोन शब्द बोलायचे राहिले असतील, तर ते उद्यावर टाकू नका. रिच उंबरठ्यावर उभे होते आणि प्रभूने त्यांना दुसऱ्याच दारातून आत घेतले अशी आशा आपण बाळगतो. आपल्यासाठी मात्र चर्चचे दार आज उघडे आहे.

रिच मलिन्स यांच्या आत्म्याला प्रभू चिरशांती देवो आणि एकाच प्रभूचे नाव घेणाऱ्या आपणा सर्वांना तो एकत्र आणो. आमेन.