पोस्टकार्डावरची सर्च हिस्टरी

काल रात्री फोनवर काय काय शोधलंत, आठवतंय? प्रोजेक्टसाठी काही, सिनेमाचं काही, आणि एखादी गोष्ट निव्वळ उत्सुकता म्हणून. आता समजा, ही सगळी यादी उद्या कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचून दाखवली, तर?

असं एकदा झालंय. फोन नव्हता, साधं कार्ड होतं. जून १९०८ मध्ये पोलिसांनी पुण्यात एका संपादकाच्या घराची झडती घेतली. त्यात स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेलं एक कार्ड सापडलं. पुस्तकं नाहीत हं, फक्त नावं. पण राजद्रोहाच्या खटल्यात ते कार्ड सरकार पक्षाने ज्यूरीसमोर ठेवलं. संपादकाचं नाव बाळ गंगाधर टिळक.

टिळक तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत. शेंगांची टरफलं, पगडी, गणेशोत्सव. १ ऑगस्टला त्यांच्यावर भाषणही ठोकलं असेल. पण आज त्यांच्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघू या. सरकार ज्याचा प्रत्येक शब्द वाचत होतं, असा माणूस म्हणून.

जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचा. पुण्यात डेक्कन कॉलेज, मग वकिलीचं शिक्षण. सरकारी नोकरी सहज मिळाली असती, पण चिपळूणकर, आगरकर यांच्यासारख्या मित्रांबरोबर त्यांनी आधी शाळा काढली आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रं. त्या वेळी लॉर्ड लिटनचा १८७८चा कायदा लागू होता. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर वचक ठेवण्यासाठीच तो केला होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. म्हणजे तीच गोष्ट इंग्रजीत लिहिली तर चालेल, मराठीत लिहिली तर धोका. का? कारण मराठी लोकांना कळते!

तो कायदा पुढच्याच वर्षी गेला, नजर मात्र हटली नाही. मुंबई सरकारचं भाषांतर खातं देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला वरिष्ठांच्या टेबलावर ठेवत असे. कोण काय लिहितो, कुणाचा सूर बदलला, सगळ्याची नोंद. आज हे काम सॉफ्टवेअर करतं, तेव्हा पगारी माणसं करत.

पहिला तुरुंग १८८२चा. कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर टीका करताना छापलेली पत्रं खोटी निघाली, अब्रुनुकसानी सिद्ध झाली आणि टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. टिळक तेव्हा २६ वर्षांचे, आगरकर तेवढेच. न तपासता फॉरवर्ड करण्याची ही किंमत म्हणा हवं तर.

दुसरा तुरुंग वेगळा. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग. रँडच्या हुकमाने सोजीर घरात घुसून झडत्या घेत होते, लोक चिडले होते. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारने बोट दाखवलं ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकाकडे. त्यात शिवोत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आणि एक कविता होती. त्या खटल्यात न्यायाधीश स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या १२४-अ कलमाचा अर्थ असा लावला की सरकारबद्दल प्रीती नसणं हीसुद्धा अप्रीतीच. बघा ना, आवडत नाही एवढं म्हटलं तरी गुन्हा! ज्यूरीतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष. १८ महिने सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी सरकारने कलम आणखी रुंद करून घेतलं.

आणि मग १९०८. मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला, दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. टिळकांच्या पत्राने बॉम्बचा पुरस्कार केला नाही. पण तरुण या टोकाला का जातात, ते सांगितलं आणि दडपशाहीचे उपाय टिकणार नाहीत असं बजावलं. सरकारने ८ जूनला दोन कायदे एकदम केले, एक स्फोटकांचा आणि एक वर्तमानपत्रांचा. छापखाना जप्त करायची सोय दुसऱ्यात होती. २४ जूनला टिळकांना अटक झाली. त्या कार्डाबद्दल त्यांचा खुलासा साधा होता. नव्या कायद्यातल्या स्फोटकांच्या व्याख्येवर लिहायचं, तर विषय समजून घ्यायला पुस्तकं नकोत? खटलाभर ते भाषांतरातल्या चुका दाखवत राहिले. मराठी शब्दाची छटा इंग्रजीत कशी भडक होते, हे मराठी न कळणाऱ्या ज्यूरीला समजावत राहिले. स्वतःच स्वतःची बाजू मांडत सुमारे २१ तास बोलले. न्यायमूर्ती होते दावर, म्हणजे १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर! ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. मुंबईत गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, वर्षाला एक दिवस.

मंडालेत कागदही मोजून मिळत. सुटी पानं नाहीत, पानांवर आकडे घातलेल्या वह्या, शाई नाही, फक्त पेन्सिल. १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी त्या पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. जून १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या, ती बातमी त्यांना तिथे कोठडीत कळली. लिहिण्याची किंमत म्हणतात ती ही. लिहिणाऱ्याच्या घरातलं माणूसही ती मोजतं, आणि तिच्या नावाची पाटी कुठे लागत नाही.

जून १९१४ मध्ये सुटून आले, तर गायकवाड वाड्याशी पोलिसांचा पहारा. भेटायला येणाऱ्यांची नावं टिपली जात. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही तरी चालेल. कोण कुणाला भेटतं एवढं कळलं तरी पुष्कळ. तुमच्या फोनचं कॉल रेकॉर्ड हेच सांगतं. आणि भेटायला निघालेला साधा माणूस दारावरचा पोलीस पाहून परत फिरत असेल, तर काम झालंच की!

१९१६ मध्ये साठाव्या वाढदिवसालाच नोटीस आली. बेळगाव आणि नगरच्या भाषणांची टिपणं पोलिसांच्या लघुलेखकांनी घेतली होती. चांगल्या वर्तनाची हमी म्हणून २० हजारांचा जातमुचलका मागितला. पण या वेळी हायकोर्टात जिनांनी बाजू मांडली आणि भाषणं सबंध वाचून न्यायाधीशांनी हुकूम रद्द केला. तुकडा वाचणं आणि सबंध वाचणं यात एवढा फरक असतो.

आता एक अडचणीचा प्रश्नही विचारू या. टिळक स्वतः दुसऱ्यांच्या बोलण्याला जागा देत होते का? नेहमी नाही. आगरकरांशी मतभेद झाले, ते ‘केसरी’तून बाहेर पडले आणि त्यांनी ‘सुधारक’ काढलं. १८९५ मध्ये पुण्याच्या काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरू द्यायला टिळकांच्या बाजूच्या लोकांनी कडाडून विरोध केला. शेवटी रानड्यांनी माघार घेऊन परिषद दुसरीकडे भरवली. आपल्या बोलण्यासाठी तुरुंगात जाणं अवघड खरंच. न पटणाऱ्याला बोलू देणं कधीकधी त्याहून अवघड जातं.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. १२४-अ मात्र स्वातंत्र्यानंतरही राहिलं. सुप्रीम कोर्टाने त्याची अंमलबजावणी थांबवली ती मे २०२२ मध्ये. त्याआधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६-अ कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. त्या मुली तुमच्याच वयाच्या होत्या.

मुंबई हायकोर्टात, जिथे टिळकांना शिक्षा झाली, तिथे आज त्यांच्या सन्मानाची पाटी आहे. आजूबाजूला कधी गेलात तर ती पाटी आठवा, आणि ते कार्डही. दोन पुस्तकांची नावं होती त्यावर. वाचायची राहून गेलेली.