टेनेसीची झोपडीतली शाळा आणि जर्मनीतला उन्हाळा : डु बॉईस यांची विद्यार्थीदशा

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले. नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. पत्र ज्यांना गेले ते डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस तेव्हा ७८ वर्षांचे होते, आणि त्याच वर्षीच्या जुलैअखेर त्यांनी उत्तरही पाठवले. हा पत्रव्यवहार आपल्याकडे जयंतीच्या दिवसांत मोबाईलवर फिरत असतो. तो पुढे पाठवणाऱ्या आपल्या मुलामुलींना डु बॉईस कोण होते हे मात्र फारसे सांगता येत नाही. त्यांचे पुढचे मोठे काम, पुस्तके, नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेची स्थापना, ‘द क्रायसिस’ मासिक, यावर कधीतरी स्वतंत्र लिहू. इथे आम्हाला त्यांच्या विद्यार्थीदशेबद्दल सांगायचे आहे. कारण शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणारे, पहिल्यांदा पासपोर्ट काढणारे आणि त्याच वेळी गावाकडे बघून अस्वस्थ होणारे अनेक विद्यार्थी आमच्या कामात आम्हाला रोज भेटतात.

डु बॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावातला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आईला अर्धांगाचा झटका आला होता, तरी ती लोकांच्या घरी कामे करून मुलाला शिकवत होती. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे थोडीच. शाळेत एकदा मुलामुलींनी एकमेकांना छापील कार्डे द्यायचा खेळ काढला आणि नव्याने आलेल्या एका मुलीने याचे कार्ड घ्यायला नकार दिला. आपण वेगळे मोजले जातो हे त्याला तिथे पहिल्यांदा कळले. असा पहिला प्रसंग आपल्यातल्या बहुतेकांच्या आठवणीत असतो, त्यामुळे त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

मुख्याध्यापक फ्रँक हॉस्मर यांनी त्याला कॉलेजला लागणारे विषय घ्यायला लावले : लॅटिन, ग्रीक, बीजगणित, भूमिती. गरीब घरातल्या कृष्णवर्णीय मुलाला कोणी सुतारकाम शिक म्हणाले असते तरी त्या काळी कोणाला खटकले नसते. १८८४ साली तो हायस्कूल पास झाला. वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय होता. पुढच्या वर्षी आई वारली. त्याला हार्वर्डला जायचे होते, पण पैसे नव्हते. गावातल्या गोऱ्या हितचिंतकांनी आणि चर्चमंडळींनी वर्गणी जमवली ती मात्र टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथल्या फिस्क विद्यापीठासाठी. फिस्क ही मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी १८६६ मध्ये सुरू झालेली संस्था. कृष्णवर्णीय मुलाची जागा दक्षिणेत त्याच्या लोकांत आहे, असा त्या वर्गणीमागचा हिशेब होता. मदत करणारा माणूस आपली जागाही ठरवून टाकतो, हे आपल्याला नवे नाही. पण डु बॉईस आनंदाने गेला.

सतरा वर्षांचा हा मुलगा १८८५ च्या शरद ऋतूत फिस्कला पोचला आणि थेट दुसऱ्या वर्षाला बसला. पहिल्याच सत्रात टायफॉईडने त्याला अंथरुणाला खिळवले. बरा झाल्यावर त्याने जे पाहिले ते त्याने आजवर कधी पाहिले नव्हते : शेकडो तरुण मुलेमुली, सगळी आपली. कोणी काळीभोर, कोणी सावळी, कोणी जवळजवळ गोरी. कित्येकजण वयाने मोठे, दक्षिणेतली हिंसा डोळ्यांनी बघून आलेले. उत्तरेच्या गावात एकटा वाढलेला हा मुलगा इथे समाजाचा झाला. तो विद्यापीठाच्या ‘फिस्क हेरल्ड’ या नियतकालिकाचा संपादकही झाला. कॉलेजच्या आवाराबाहेर मात्र नॅशव्हिल शहर होते. एकदा रस्त्यात चुकून एका गोऱ्या बाईला त्याचा धक्का लागला. त्याने उत्तरेतल्या सवयीने टोपी उचलून माफी मागितली, तर बाई आणखीच भडकली. कृष्णवर्णीय माणूस आपल्याशी सभ्यतेने बोलू शकतो, हेच तिला सहन झाले नाही.

फिस्कचे विद्यार्थी उन्हाळ्यात खेडोपाडी शिकवायला जात. डु बॉईसला पैशांची चणचण होतीच, पण त्याला दक्षिणेतले खेडेही बघायचे होते. १८८६ च्या उन्हाळ्यात तो शाळा शोधत टेनेसीच्या डोंगराळ भागात पायी हिंडला. कुठे मास्तर आधीच ठरलेला, कुठे शाळाच नाही. शेवटी वीसेक वर्षांची एक मुलगी भेटली. आमच्या वस्तीला मास्तर हवाय, युद्धानंतर इथे एकदाच शाळा भरली आहे, असे तिने सांगितले. तिला स्वतःला शिकायचे होते. शाळेची परवानगी घ्यायला तो एका गोऱ्या तरुण शिक्षकाबरोबर कमिशनरकडे गेला. परवानगी मिळाली, जेवायचाही आग्रह झाला. जेवायला मात्र ते दोघे आधी बसले. यांचे आवरल्यावर डु बॉईसला वाढले, एकट्याला.

शाळा म्हणजे लाकडी ओंडक्यांची झोपडी. आधी तिथे एका जमीनदाराचा मका साठवत. दार नव्हते. मास्तरची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, रोज संध्याकाळी परत न्यायची. मुलांना पाठ नसलेली फळकुटे. तीसेक मुले, चिमुरड्यांपासून वयात आलेल्यांपर्यंत. पहिल्या उन्हाळ्यात पगार महिना २८ डॉलर. हजेरी गळायला लागली की मास्तर घरोघर जाई. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला शेतावर जायचे असे, कोणाकडे धड कपडा नसे. म्हाताऱ्यांना पुस्तकी शिक्षणाबद्दल शंका असे. ती घालवायला तो रोमन वक्ता सिसेरोचे विद्येविषयीचे भाषण अगदी सोप्या शब्दांत त्यांना सांगे. आठवडाभर त्याचा परिणाम टिके. वस्तीत गळती थांबवायला घरोघर फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना यावर हसू येते, आणि पटतेही. सिसेरो आमच्याकडे नाही, बाबासाहेब आहेत. आमचाही परिणाम आठवडाभरच टिकतो आणि सोमवारी पुन्हा दार ठोठवावे लागते.

तो शुक्रवारी मुलांच्या घरी मुक्कामाला जाई. बहुतेक घरे एका खोलीची, सारे कुटुंब त्यातच झोपणारे, आणि तरी पाहुण्याचा संकोच राखायची रीत असलेले. कर्ज, सावकार, वाट्याची शेती, वर्षभर राबूनही हातात काही न उरणे, हे सारे त्याने दोन उन्हाळे आतून पाहिले. त्याच्या समाजशास्त्राची सुरुवात आमच्या मते इथे झाली. पुस्तके नंतर आली. सुमारे दहा वर्षांनी तो त्या वस्तीत परत गेला. शाळेला दार आले होते. ती मुलगी मात्र मेली होती. घरासाठी राबता राबता तिचे शिकायचे राहून गेले होते.

१८८८ मध्ये फिस्कची पदवी घेताना त्याने भाषणाला विषय निवडला बिस्मार्क. विखुरलेल्या जर्मनांना एका माणसाने इच्छाशक्तीच्या जोरावर राष्ट्र केले, आपल्या लोकांनाही असा नेता हवा, हा त्याचा सूर. ज्या बर्लिनमध्ये बिस्मार्कच्या यजमानपदाखाली युरोपीय सत्तांनी १८८४-८५ च्या परिषदेत आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले, त्याच बिस्मार्कचे कौतुक एका आफ्रिकी वंशाच्या मुलाने करावे! आपण तेव्हा किती अजाण होतो हे त्याने पुढे स्वतःच मान्य केले. चांगल्या कॉलेजातही आपल्या मुलांना इतिहास कोणाच्या बाजूने शिकवला जातो, हा प्रश्न यातून उरतोच.

मग हार्वर्ड. फिस्कची पूर्ण पदवी तिथे धरली नाही, त्याला पुन्हा तिसऱ्या वर्षात बसवले. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स आणि इतिहासाचे प्राध्यापक आल्बर्ट हार्ट यांच्यासारखे शिक्षक लाभले. गायनमंडळाने मात्र त्याला घेतले नाही. तो एका कृष्णवर्णीय बाईच्या घरी खोली घेऊन राहिला आणि गोऱ्या मुलांच्या मैत्रीची वाट बघायची नाही असे त्याने ठरवले. १८९० मध्ये तो हार्वर्डचा पदवीधर झाला.

आता शिष्यवृत्तीची गोष्ट. ती फॉर्म भरणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावी. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १० लाख डॉलरचा स्लेटर फंड होता. अध्यक्ष होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेज. १८९० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे म्हणणे वर्तमानपत्रात आले : युरोपात पाठवण्याजोगा लायक कृष्णवर्णीय तरुण मिळाला तर फंड खर्च करील, पण आजवर नुसते बोलघेवडेच भेटले. डु बॉईसने लगेच अर्ज केला. उत्तर आले की ती योजना आता सोडून दिली आहे. दुसरा कोणी गप्प बसला असता. याने १८९१ च्या मे महिन्यात हेज यांना कडक पत्र लिहिले. योजना सोडली याचे दुःख नाही, पण लायक माणूसच मिळत नाही असे देशभर सांगून समाजाची बदनामी झाली आहे, ती दुरुस्त करा, असा त्याचा आशय. मग तो शिफारसपत्रे गोळा करत राहिला. १८९२ मध्ये फंडाने ७५० डॉलर मंजूर केले. त्यातले निम्मे अनुदान आणि निम्मे पाच टक्के व्याजाने कर्ज! न्यूयॉर्कमध्ये पैशांचे पक्के झाल्यावर त्याने आनंदाच्या भरात तीन डॉलरचा सदरा घेतला. एवढा महाग सदरा त्याने आयुष्यात घेतला नव्हता.

इथे बाबासाहेबांची आठवण होणारच. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड दिले, पण दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर सही घेऊन. दोन्हीकडे पैसा आला तो बांधून आला. शिष्यवृत्ती घेताना आमच्या मुलांचे खांदे उगाच झुकतात, हे आम्ही रोज बघतो. कागद अडवून धरणाऱ्या टेबलासमोर तर जास्तच. डु बॉईसचे ते दुसरे पत्र अशा वेळी आठवावे.

१८९२ च्या ऑगस्टमध्ये तो बोटीने रॉटरडॅमला उतरला. तिथून ऱ्हाईन नदीवरच्या छोट्या बोटीत बसला. त्या बोटीवर एक डच बाई आपल्या तीन मुलींसह होती. त्यांना पाहताच हा सवयीने जितके लांब जाता येईल तितके लांब जाऊन बसला. समोरून अपमान व्हायच्या आधीच आपण बाजूला व्हायचे, ही अंगात मुरलेली सवय. आपल्या किती मुलांमध्ये ती आहे! पण बोट लहान होती आणि त्या बायकांना त्याच्या रंगाचे काही पडले नव्हते. त्या आपणहून बोलल्या. प्रवास संपेपर्यंत सगळे एकत्र जेवत, गात, हसत होते.

पुढचे आठवडे त्याने जर्मनीतल्या आयझेनाख या गावी एका धर्मशिक्षकाच्या कुटुंबात राहून जर्मन भाषा शिकण्यात घालवले. मार्टिन लुथरने ज्या वार्टबर्ग किल्ल्यात बसून बायबलच्या नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले तो किल्ला समोर, भोवती थुरिंगियाचे जंगल. घरातल्यांबरोबर जेवण, फिरायला जाणे, गाणी, गावच्या नाचाचा समारंभ. चोवीस वर्षांच्या या तरुणाला पहिल्यांदाच दिवसचे दिवस आपल्या रंगाचा विचार न करता जगता आले. गोऱ्यांबद्दलचा त्याच्या मनातला ताठरपणाही इथे सैल झाला. घरातल्या मुलीवर त्याचे प्रेम जडले, तिचेही त्याच्यावर. ती लग्नाला तयार होती. त्याने नाही म्हटले. अमेरिकेत अनेक राज्यांत असे लग्न गुन्हा होता, आणि त्याला परत अमेरिकेतच जायचे होते. त्या दिवसांत एक अमेरिकी गोरी बाई तिथे आली आणि कृष्णवर्णीयांची संगत किती धोक्याची आहे हे यजमानांना सांगू लागली. द्वेषसुद्धा बोटीचे तिकीट काढून येतो.

जर्मनी काही स्वर्ग नव्हता. हिवाळ्यात बर्लिन विद्यापीठात इतिहासकार ट्राइट्श्के यांनी भर वर्गात मिश्रवंशीयांना हीन ठरवले तेव्हा हा समोर बसला होता. सुट्टीत पूर्वेकडे फिरताना एका गावी गाडीवानाने दबक्या आवाजात विचारले की ज्यूंच्या घरी उतराल का. डु बॉईस आधी गोंधळला, मग हो म्हणाला. पोलिश मित्राकडून त्याने पोलंडवरच्या जर्मन दडपशाहीची हकीकत ऐकली. फक्त कातडीच्या रंगाने जग विभागलेले नाही हे त्याला तिथे उमगले.

फंडाने मुदत एकदा वाढवली, पुढच्या वर्षाला नकार दिला. बर्लिनची डॉक्टरेट हातातोंडाशी येऊन राहिली. हार्वर्डची त्याने १८९५ मध्ये मिळवली, तिथली ती मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. १८९४ च्या जूनमध्ये बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गातून, स्थलांतरितांच्या गर्दीत तो अमेरिकेला परतला. खिसा जवळजवळ रिकामा. त्याने मिळेल तिथे नोकरीचे अर्ज टाकले. पहिला होकार ओहायोतल्या विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाकडून आला : लॅटिन आणि ग्रीक शिकवा, वर्षाला ८०० डॉलर. त्याने तो घेतला. मागून जास्त पगाराचे बोलावणे आले, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगीहूनही आले, पण दिलेला शब्द त्याने मोडला नाही. विल्बरफोर्समध्ये त्याने मोकळ्या वेळात फुकट समाजशास्त्र शिकवायची तयारी दाखवली. संस्थेने नको म्हटले. दोन वर्षांनी तो फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात गेला आणि प्रश्नावली हातात घेऊन एकेक दार ठोठवू लागला.