शिक्षा की शिक्षण?

आजचे शास्त्रवाचन: इब्री लोकांस पत्र १२:५-११



माझी नोकरी जाऊन आता चौथा महिना लागलाय. आज सकाळी हा उतारा वाचला आणि खरं सांगते, बायबल मिटून ठेवलं. देव आपल्या लेकरांना शिस्त लावतो, हे वाचून मनात एकच आलं: माझं काय चुकलं? मग पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमाबाईंना. पुराणं सांगत हे कुटुंब गावोगाव फिरायचं. मग दुष्काळ आला. आई, वडील आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊही गेला. पुढे लग्न झालं, मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये पती पटकीने वारले. तेव्हा रमाबाई अवघ्या २३ वर्षांच्या होत्या. डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या, पण कानांनी साथ दिली नाही. तिथेच, वाँटेजला, १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हे सगळं देवाने केलेला दंड होता का? मला तसं म्हणवत नाही. या उताऱ्यातला मूळ ग्रीक शब्द लेकराला वाढवणं, घडवणं या अर्थाचा आहे. आपल्याकडेही शिक्षा आणि शिक्षण एकाच धातूतून आलेत. आपण मात्र त्यातला दंडच तेवढा ऐकतो.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. उपाशी मुलीची नजर ओळखायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. देवाने त्यांची जुनी भूक वाया जाऊ दिली नाही.

दुःख तिथे संपलं नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. म्हातारपणी, एकुलत्या एका लेकीला निरोप देऊनही रमाबाईंनी मूळ भाषांवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या.

११ वं वचन हे कबूल करतं की शिस्त त्या वेळी दुःखाचीच वाटते. फळ नंतर येतं. म्हणजे आज रडू आलं तर माझा विश्वास कमी पडला, असं नाही.

माझ्याबरोबर टीममधल्या आणखी एका मुलीचीही नोकरी गेली. तिचा मेसेज दोन आठवडे मी उघडलेला नाही. आज तिला फोन करणार आहे. तिला काय वाटत असेल, ते मला आता कळतं.

तुमच्या दुःखाने तुम्हाला कुणाची भाषा शिकवलीय?

प्रार्थना: हे पित्या, कारण कळत नाही तेव्हाही तू बाप आहेस हे मला विसरू देऊ नकोस. माझं हे दुःख कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. येशूच्या नावाने मागते, आमेन.