ह्युएन त्संग : ग्रंथ घेऊन आले आणि बसले



ह्युएन त्संग हे नाव आपल्याला नवं नाही. पाठीवर ग्रंथांचं ओझं घेतलेल्या या चिनी भिक्खूचं चित्र आपण पुष्कळदा पाहिलेलं आहे. ते भारतात आले, नालंदाला शिकले, परत गेले, इथपर्यंत सगळे सांगतात. परत गेल्यावर त्यांनी काय केलं, ते सहसा कुणी सांगत नाही. मला तोच भाग मोठा वाटतो, म्हणून तो इथे मांडतो.

त्यांचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास लोयांग शहराजवळ झाला. थोरल्या भावाच्या पाठोपाठ ते लहान वयातच संघात गेले. चिनी भाषांतरं वाचताना एका ग्रंथात एक अर्थ, तर दुसऱ्यात दुसराच. मूळ पाहिल्याशिवाय शंका फिटणार नाही, असं त्यांनी ठरवलं. सरहद्द ओलांडायला बादशहाची बंदी होती, तरी इ. स. ६२९ च्या सुमारास ते लपतछपत निघाले. वाळवंटात पाण्याची पखाल सांडली आणि चार-पाच दिवस घशाला थेंब नव्हता. पुढे तुर्फानच्या राजाला त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. त्यांनी अन्नपाणी सोडलं, तेव्हा राजा नमला आणि त्यानंच घोडे, माणसं, वाटेतल्या राजांना पत्रं दिली.

नालंदात वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्यापाशी ते शिकले. आपल्या महाराष्ट्रातही आले. तेव्हा इथे पुलकेशीचं राज्य होतं. इथे शंभरावर विहार आणि पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्यांनी केली आहे. नालंदाच्या भिक्खूंनी त्यांना इथंच राहा म्हणून आग्रह केला, सम्राट हर्षवर्धनानं मोठा मान दिला. पण ते राहिले नाहीत.

परतीच्या वाटेवर सिंधू नदीत नाव हेलकावली आणि पन्नासेक पोथ्या पाण्यात गेल्या. पुढे डोंगरात चोरांच्या हल्ल्यात त्यांचा हत्ती बुडून मेला. खोतानला थांबून त्यांनी गेलेल्या पोथ्यांच्या नकलांसाठी माणसं पाठवली. इ. स. ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून ते चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला पोचले. त्यांना पाहायला रस्त्यावर ही गर्दी.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झालं आपलं काम. बादशहानं त्यांना सरकारात मोठी जागा देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि बसून भाषांतर करायला जागा मागितली. त्यांना डोंगरातला शांत विहार हवा होता, बादशहानं राजधानीतच थांबवलं. वय त्रेचाळीसच्या आसपास होतं. सोळा वर्षं चाललेला माणूस एका गावात बसला.

बसला म्हणजे कसा बघा. पहाटे उठून मूळ ग्रंथ वाचायचा, दिवसभरात जेवढं करायचं तिथपर्यंत लाल शाईनं खुणा करायच्या. दिवसा काम राहिलं तर रात्री पुरं करायचं, मगच झोपायचं. मदतीला भिक्खूंची मंडळी होती. कुणी अर्थ तपासायचा, कुणी भाषा सुधारायची, कुणी लिहून काढायचं. गिरणीत जशी खाती असतात, एकाचं झालं की माल दुसऱ्याकडं, अगदी तसं. आणि इ. स. ६५२ मध्ये ग्रंथ जपण्यासाठी पॅगोडा बांधायला घेतला, तेव्हा या महापंडितानं स्वतः विटांच्या पाट्या वाहिल्या. त्या जागी पुन्हा बांधलेला पॅगोडा आजही शिआनमध्ये उभा आहे.

एकोणीस वर्षांत सुमारे ७५ ग्रंथांचं भाषांतर झालं, चिनी मोजणीनं १३३५ भाग. शेवटचा मोठा प्रज्ञापारमिता ग्रंथ एकटा ६०० भागांचा. तो त्यांनी राजधानीबाहेरच्या युहुआ इथे पुरा केला आणि इ. स. ६६४ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

नंतर नालंदा जळालं. आपल्याकडे नाहीसे झालेले कितीतरी ग्रंथ आज चिनी भाषेत आहेत, ते अशा बैठकीमुळे. परत येताच त्यांनी लिहवून घेतलेल्या प्रवासवर्णनाचा आधार घेत कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात आपली विसरलेली धम्मस्थळं शोधली. नुसते घोडे लादून आणले असते, तर यातलं काय उरलं असतं?

आपणही दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला जातो. पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं आणतो. मीही आणतो. पण खरं सांगायचं तर माझ्या पेटीतली निम्मी पुस्तकं अजून उघडलेली नाहीत. बाबासाहेबांनी आजारी शरीरानं रात्री-रात्री बसून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला, तो आपल्या विहाराच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली कुणाकडे ते पटकन सांगता येत नाही.

या वर्धापनदिनी एवढंच ठरवू या. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन पानं, लहानथोर सगळे मिळून. वाचणार कुणी नसेल तर मी वाचीन. फक्त बसायला या.

भवतु सब्ब मंगलं.