समुद्रावर हक्क सांगणारा वकील

आगबोट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा उभा राहतो. पडावातून बोटीवर चढणारे चाकरमानी, त्यांची गाठोडी, बोट लागून आडवे झालेले प्रवासी, हे सारे आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले असते. पण ती बोट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. देशाच्या दक्षिण टोकाला एका वकिलाला तो पडला, आणि त्याच्या उत्तराची किंमत त्याने आयुष्यभर मोजली. त्याचे नाव व. उ. चिदंबरम पिल्लै. तमिळ जनता त्याला आजही ‘जहाज चालविणारा तमिळ’ म्हणून ओळखते.

चिदंबरम पिल्लै यांचा जन्म ५ सप्टेंबर १८७२ रोजी तिरुनेलवेली भागातील ओट्टपिडारम या गावी झाला. वडील वकील होते. मुलानेही तोच व्यवसाय पत्करला. गोरगरिबांच्या बाजूने फौजदारी खटले चालविणारा वकील म्हणून त्यांचा लौकिक झाला. १९०० च्या सुमारास ते तुतिकोरिन बंदरात येऊन राहिले. आज या शहराला तुत्तुकुडी म्हणतात.

तुतिकोरिनहून कोलंबो म्हणजे जेमतेम एका रात्रीचा प्रवास. व्यापारी, मळ्यांवर जाणारे मजूर, धान्याची आणि कापडाची पोती यांची या वाटेवर सतत ये-जा असे. पण प्रवासी आपले, माल आपला आणि भाडे मात्र ‘ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी’चे, अशी स्थिती होती. ही कंपनी ठरवील तो दर आणि ती देईल ती वागणूक मुकाट्याने घ्यावी लागे.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट उसळली. देशभर विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या. कापड जाळणे सोपे होते, कारण त्याच्या जागी हातमागाचे कापड अंगावर घेता येत होते. विलायती बोटीवर बहिष्कार घालायचा तर समुद्र ओलांडणार कशाने? चिदंबरम पिल्लै यांचे वेगळेपण इथेच दिसते. नुसता बहिष्कार पुरेसा नाही, आपली बोट हवी, हे त्यांनी ओळखले.

ऑक्टोबर १९०६ मध्ये ‘स्वदेशी स्टीम नेव्हिगेशन कंपनी’ची नोंदणी झाली. भांडवल दहा लाख रुपये. पंचवीस रुपयांचा एक, असे चाळीस हजार भाग. सामान्य माणसालाही भागीदार होता यावे, हा त्यामागचा हेतू होता. जमीनदार पांडीदुरै तेवर अध्यक्ष झाले. हाजी महंमद बकीर शेट या व्यापाऱ्याने एकट्याने आठ हजार भाग घेतले. हिंदू आणि मुसलमान, जमीनदार आणि दुकानदार एका बोटीत बसले, असे इथे अक्षरशः म्हणता येईल.

अडचण एकच होती: कंपनी होती, पण बोट नव्हती. सुरुवातीला दुसऱ्या कंपनीच्या बोटी भाड्याने घेतल्या. ब्रिटिश कंपनीने दडपण आणून तो करार मोडायला लावला. मग सिलोनहून एक बोट भाड्याने आणून वेळ निभावली. परक्याच्या बोटीवर स्वदेशी चालणार नाही, हे आता स्पष्ट झाले. चिदंबरम पिल्लै बोट मिळविण्यासाठी मुंबईला निघाले. परतेन तर बोट घेऊन, नाहीतर समुद्रात देह टाकीन, अशी त्यांची प्रतिज्ञा होती.

१९०७ साली ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या दोन आगबोटी तुतिकोरिनला आल्या. गॅलियावर तेराशे प्रवासी आणि चाळीस हजार पोती माल मावेल, असे सांगत. त्यांचे कवी मित्र सुब्रह्मण्य भारती यांना तर आकाश ठेंगणे झाले. बोटी सुरू होताच दरयुद्ध पेटले. ब्रिटिश कंपनीने भाडे एक रुपयावर आणले. स्वदेशी कंपनीने आठ आणे केले. मग ब्रिटिश कंपनीने फुकट प्रवास देऊ केला, आणि वर प्रत्येकाला एक छत्री! तरीही लोक पदरचे पैसे मोडून स्वदेशी बोटीवर चढत होते.

चिदंबरम पिल्लै लोकमान्य टिळकांना गुरू मानीत. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये ते टिळकांच्या पक्षात होते. परतल्यावर फेब्रुवारी १९०८ मध्ये त्यांनी तुतिकोरिनच्या कोरल मिलमधील कामगारांचा संप उभा केला, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मालकांना नमते घ्यावे लागले. हे सरकारला सहन होण्यासारखे नव्हते. १२ मार्च १९०८ रोजी त्यांना सुब्रह्मण्य शिव यांच्यासह अटक झाली. दुसऱ्या दिवशी तिरुनेलवेलीत लोक खवळून उठले. गोळीबारात चार माणसे गेली.

७ जुलै १९०८ रोजी निकाल लागला: दोन जन्मठेपा, म्हणजे चाळीस वर्षे. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. मंडाले आपल्या शालेय पुस्तकात आहे. कोईमतूर मात्र नाही. कोईमतूरच्या तुरुंगात या वकिलाला बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपले होते.

अपिलात शिक्षा बरीच कमी झाली आणि डिसेंबर १९१२ मध्ये ते सुटले. पण सुटून पाहतात तो काय? १९११ सालीच कंपनी मोडीत निघाली होती आणि बोटी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या होत्या. हा घाव घाण्यापेक्षा खोल असला पाहिजे. सरकारने माणूस पकडला हे समजू शकते. पण माणूस आत असताना बाहेरच्यांना बोट सांभाळता आली नाही. भांडवल जमले होते, उत्साह जमला होता. नेता नसताना नेटाने उभे राहण्याची सवय मात्र जमली नव्हती.

पुढची वर्षे हलाखीची होती. वकिलीची सनद गेलेली. मद्रासमध्ये किराणा आणि रॉकेल विकून त्यांनी संसार चालविला. वॉलेस नावाच्या न्यायाधीशाने पुढे सनद परत मिळवून दिली, तेव्हा त्याची आठवण म्हणून त्यांनी मुलाचे नाव वालेश्वरन ठेवले. इंग्रज राजवटीशी वैर आणि इंग्रज माणसाविषयी कृतज्ञता, दोन्ही एकाच मनात नांदत होती. तिरुक्कुरळ आणि तोल्काप्पियम या ग्रंथांवर त्यांनी काम केले. उतारवयात टिळकांचे चरित्र तमिळमध्ये लिहिले. ते कोलंबोच्या ‘वीरकेसरी’ पत्रात प्रसिद्ध झाले. ज्या गावी त्यांची बोट जात असे, त्याच गावी शेवटी त्यांचे शब्द पोचले.

१८ नोव्हेंबर १९३६ रोजी तुतिकोरिनच्या काँग्रेस कचेरीत त्यांनी देह ठेवला.

त्यांची बोट बुडाली, असे मात्र म्हणता येत नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तिच्यासमोरही तीच ब्रिटिश कंपनी आणि तेच दरयुद्ध होते. पण सिंदिया टिकली. ५ एप्रिल आज राष्ट्रीय सागरी दिन आहे, आणि २०११ पासून तुतिकोरिन बंदराला चिदंबरम पिल्लै यांचे नाव आहे. आपणही एखादे मंडळ, एखादे वाचनालय उत्साहाने सुरू करतो आणि पुढच्या वर्षी विसरतो. काम सुरू करणारा गेल्यावर ते चालू ठेवतो कोण, हा प्रश्न त्या दोन आगबोटी अजून आपल्याला विचारीत आहेत.