बंगला, सात गाड्या आणि शेवटी चाळ : स्वस्तातल्या मारधाडपटांचे बादशाह भगवानदादा

गणपतीच्या मिरवणुकीत एक काका हमखास सापडतात. पाय जवळपास जागेवरच, दोन्ही हात अर्धवट वर, खांदे ठेक्यात हलताहेत आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू. हा नाच पडद्यावर अजरामर केला भगवानदादांनी, १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये. पुढे अमिताभ बच्चनपासून गोविंदापर्यंत अनेकांनी त्यातून आपापला वाटा उचलला.

पण ‘अलबेला’ येण्याआधी दहा-बारा वर्षं भगवानदादांचा धंदा वेगळाच होता. तलवारबाजी, घोडदौड, बंडखोर शेतकरी, दुष्ट सेनापती, शेवटी तुंबळ हाणामारी आणि हे सगळं अगदी स्वस्तात. असे चित्रपट ते एकामागून एक काढत होते. समीक्षक त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हते, पब्लिक मात्र तुटून पडत होतं.

अमरावतीपासून बुलढाण्यातल्या संग्रामपूरपर्यंतचा वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. याच वऱ्हाडात, अमरावतीत, १ ऑगस्ट १९१३ ला भगवान आभाजी पालव यांचा जन्म झाला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच वर्षी मे महिन्यात लागला होता. म्हणजे भारतीय सिनेमा आणि भगवानदादा एकाच वयाचे. वडील गिरणी कामगार. मुलगाही मुंबईत मोठा झाला तो गिरणगावातच. शिक्षण जेमतेम, मजुरीची कामं केली, कुस्तीचा मात्र भारी नाद. नावापुढे ‘दादा’ लागलं ते या पैलवानकीमुळेच.

तेव्हा मूकपटांचा जमाना होता. हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स तलवार घेऊन गच्चीवरून उड्या मारायचा आणि जगभरातली पोरं वेडी व्हायची. आपल्याकडे त्याच पद्धतीचे मारधाडपट करणारे मास्टर विठ्ठल सगळ्यात महागड्या नटांपैकी एक झाले होते. एका गिरणी कामगाराच्या पोराला यातून जे कळायचं ते कळलं: सुंदर चेहरा नसला तरी चालतं, अंगात रग पाहिजे.

‘क्रिमिनल’ नावाच्या मूकपटातून भगवानदादा पडद्यावर आले. १९३५ मध्ये ‘हिम्मत-ए-मर्दा’ हा त्यांचा पहिला बोलपट आला. १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासोबत त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला आणि मग गाडी थांबलीच नाही.

त्यांचा एक चित्रपट सुमारे ६५ हजार रुपयांत व्हायचा असं सांगितलं जातं. कसा व्हायचा, तर सगळं दादा स्वतःच बघायचे. दिग्दर्शन त्यांचं, हिरो तेच, कपडे कसे शिवायचे तेही तेच ठरवणार आणि दुपारी युनिटच्या जेवणाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच. हिरोच्या जागी उडी मारायला वेगळा माणूस नाही. जी उडी पडद्यावर दिसते ती दादांनीच मारलेली असायची.

असल्या सिनेमात ‘सैन्य’ उभं करण्याची एक जुनी युक्ती आहे आणि ती जगभर चालते. पंधरा-वीस माणसं कॅमेऱ्यासमोरून आरडाओरडा करत पळवायची, मागून वळसा घालून पुन्हा तीच माणसं पळवायची. धूळ उडाली की झाली लढाई. तलवार लाकडाची आहे, राजवाड्याचा खांब हाताच्या धक्क्याने हलतोय, हे पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसत असतं. तरीही तो शिट्टी मारतो.

का? गरिबाला डोकं नसतं म्हणून, असं तेव्हाचे शहाणे लोक मानत आणि आजही मानणारे आहेत. पण थोडं थांबून पाहिलं तर कारणं बरीच भक्कम निघतात.

पहिलं म्हणजे भाषा. बोलपट आले आणि पडद्यावर हिंदी-उर्दू संवादांचा पूर आला. गिरणीत येणारा माणूस रत्नागिरीचा, साताऱ्याचा नाहीतर वऱ्हाडातला. त्याला ते संवाद अर्धेच कळायचे. मुक्का मात्र पूर्ण कळायचा. मुंबईबाहेर हे आणखी खरं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांपर्यंत पक्की थिएटरं कुठे पोचली होती? तिथे सिनेमा म्हणजे यात्रेतला तंबू, खाली जमीन, मागे मशीनची घरघर. त्या आवाजात नाजूक संवाद ऐकू येण्याची शक्यता शून्य. मारामारीला आवाजाचीही गरज नसते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ब्रिटिशांची सेन्सॉरशिप इतकी जागरूक होती की १९३५ मध्ये प्रभातला संत एकनाथांवरच्या चित्रपटाचं ‘महात्मा’ हे नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. का, तर नावावरून गांधीजी आठवतात. अशा काळात इंग्रजांविरुद्धची लढाई पडद्यावर सरळ दाखवणं अशक्यच. पण कुठल्यातरी काल्पनिक राज्यातला जुलमी दिवाण आणि त्याच्याविरुद्ध उठलेले शेतकरी दाखवायला फारशी अडचण नव्हती. वाडिया मुव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने १९३५ मध्ये हेच करून धुमाकूळ घातला होता. भगवानदादांच्या चित्रपटांची नावंच बघा: ‘बहादुर किसान’, ‘जंग-ए-आझादी’. तंबूत बसलेल्या माणसाला दिवाण म्हणजे कोण, हे समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि तिसरं, ही मारामारी खरी वाटायची. कारण बऱ्याच अंशी ती खरीच असायची.

इथेच या धंद्याची काळी बाजू सुरू होते.

१९४२. ‘जंग-ए-आझादी’चं शूटिंग चालू होतं. समोर होत्या ललिता पवार. आज त्या आठवतात त्या खाष्ट सासू म्हणून, ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरा म्हणून. पण तेव्हा त्या हिरोईन होत्या. मूळच्या येवल्याच्या, लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर, स्वतः स्टंट करायलाही न घाबरणाऱ्या. सीन असा होता की भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची. पैलवानाचा हात जरा जास्तच जोरात पडला. त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्याची शीर फाटली. उपचार तीन वर्षं चालले. डोळा मात्र कायमचा बारीक झाला.

हिरोईनचं करिअर तिथेच संपलं. ललिताबाई परत आल्या त्या चरित्र भूमिका करायला. तोच बारीक झालेला डोळा वापरून त्यांनी पुढची पिढीच्या पिढी घाबरवून सोडली. ‘अनाडी’मध्ये तर त्याच चेहऱ्याने प्रेक्षकांना रडवलं. हा किस्सा नेहमी ‘संकटातून संधी’ अशा थाटात सांगितला जातो. ते जरा सोयीचं आहे. तिशीही न गाठलेल्या एका कलाकाराचा चेहरा कामाच्या जागी कायमचा बिघडला आणि त्याची किंमत तिने एकटीने मोजली, हा सुद्धा याच किश्श्याचा अर्थ आहे. भगवानदादांनी ते मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नाही, तो अपघातच होता. पण मारामारी बसवून देणारा वेगळा माणूस ठेवायचा तर पैसे लागतात आणि ६५ हजारांच्या हिशोबात त्याला जागा नव्हती. पब्लिक ज्या खरेपणासाठी तिकीट काढायचं, तो कुणाच्यातरी अंगावर निघत होता.

दादांचं सगळं काम मारधाडीचंच होतं असंही नाही. मधल्या काळात ते मद्रासलाही जाऊन आले. १९४१ चा त्यांचा तमिळ ‘वनमोहिनी’ हा टारझन छापाचा जंगलपट होता आणि त्यात चंद्रू नावाच्या हत्तीने नटांइतकाच भाव खाल्ला. या तमिळ चित्रपटांना संगीत देणारा तरुण म्हणजे पुणतांब्याचा राम चितळकर. दादांनी १९४२ च्या ‘सुखी जीवन’मध्ये त्याला हिंदीत संधी दिली. तोच पुढचा सी. रामचंद्र.

तिकडे दुसरं महायुद्ध पेटलं होतं. कच्ची फिल्म मिळेना, सरकारने चित्रपटाच्या लांबीवर ११ हजार फुटांची मर्यादा घातली. मोठ्या कंपन्यांची पंचाईत झाली. थोडक्यात आटपणाऱ्या दादांना मात्र काटकसरीची आधीपासूनच सवय होती. १९४२ मध्येच ते जागृती पिक्चर्सच्या नावाने निर्माते झाले आणि १९४७ मध्ये चेंबूरला त्यांचा स्वतःचा जागृती स्टुडिओ उभा राहिला. गिरणी कामगाराचा मुलगा स्टुडिओचा मालक झाला, तोही अशा चित्रपटांच्या जिवावर ज्यांची नावं घ्यायला सुशिक्षित लोक लाजायचे.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मारधाड पुरे, एक सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूरने दिल्याचं सांगतात. १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. हिरोईन गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचं. त्याच वर्षी ‘आवारा’ आणि ‘बाजी’ लागले होते, तरी ‘अलबेला’ तुफान चालला. जुहूला २५ खोल्यांचा बंगला आला. दारात सात गाड्या आल्या, आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक.

मग १९५३ चा ‘झमेला’. त्याच टीमचा, पण ‘अलबेला’ची जादू काही परत आली नाही. मोठा घाव बसला तो किशोर कुमारला घेऊन सुरू केलेल्या ‘हंसते रहना’मुळे. चित्रपट पूर्णच झाला नाही. दादांनी त्यात होतं नव्हतं ते सगळं लावलं होतं. ६५ हजारांत लढाया जिंकणारा माणूस मोठ्या बजेटच्या खेळात हरला.

बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा परत दादरच्या चाळीत आले. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ अशा चित्रपटांत कामं मिळाली, नंतर ती लहान होत गेली. पुढे तर गर्दीतल्या एका नाचापुरतं बोलावणं यायचं आणि दादा जायचे. जुन्या मित्रांपैकी सी. रामचंद्र, ओम प्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण यांनी चाळीचा जिना चढणं सोडलं नाही. बाकीचे फिरकेनासे झाले.

४ फेब्रुवारी २००२ ला दादरमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. भगवानदादा झाले होते मंगेश देसाई, तर गीता बालीच्या भूमिकेत विद्या बालन.

ज्या चित्रपटांनी त्यांना घडवलं, ते आज बघायचे म्हटलं तरी बघता येत नाहीत. चाळीसच्या दशकापर्यंतच्या त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती गोदामाला लागलेल्या आगीत जळून गेल्या.