साधकाची वाट : रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या श्रद्धाजीवनातील टप्पे

१

आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्थान निश्चित झालेले आहे. केशवसुतांचे समकालीन, फुलामुलांचे कवी, बालकवींना मायेने घरात सामावून घेणारे वडीलधारे कवी आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला तिची स्वतःची वाणी देणारे गीतकार अशा विविध नात्यांनी त्यांचा विचार झाला आहे. मात्र त्यांच्या धर्मजीवनाचा विचार करताना एका तारखेवर सर्व भार टाकण्याची प्रवृत्ती दिसते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. या दिवसाने त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे पाडले, अलीकडचे टिळक हिंदू आणि पलीकडचे टिळक ख्रिस्ती, असे गृहीत धरूनच त्यांच्या कवितेचीही वाटणी केली जाते. वस्तुतः टिळकांची श्रद्धा त्या दिवशी जन्मली नाही आणि त्या दिवशी ती पूर्णत्वासही गेली नाही. ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. प्रत्येक नव्या टप्प्यावर, मागच्या टप्प्यात हातून सुटलेले काहीतरी त्यांना नव्या अर्थाने परत मिळत गेले.

ही वाटचाल समजून घेण्यास मराठी परंपरेतच एक सोयीची परिभाषा उपलब्ध आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्थांचे निरूपण केले आहे. ख्रिस्ती विचारातही श्रद्धेच्या वाढीची कल्पना आहे. शिष्यत्व म्हणजे गुरूच्या मागे चालणे, आणि चालणे म्हटले की पायऱ्या आणि मुक्काम आलेच. टिळकांचे चरित्र या दोन्ही परंपरांच्या संगमावर उभे आहे.

२

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने तापट होते. आई जानकीबाई भक्तिमार्गी वृत्तीच्या होत्या. पदे आणि स्तोत्रे यांचा संस्कार मुलावर झाला तो त्यांच्याकडून. आईचे छत्र बालपणीच हरपले. हा वियोग टिळकांच्या मनातून कधीच गेला नाही. पुढे ईश्वराला आणि ख्रिस्ताला माउलीच्या रूपात पाहण्याची जी ओढ त्यांच्या काव्यात प्रकटली, तिचे एक मूळ या आठवणीत असावे.

घर सोडून ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण अर्धवटच राहिले. १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ऊर्फ मनू या अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून विख्यात झाल्या. त्यानंतरची दहा-बारा वर्षे टिळकांच्या भटकंतीची होती. शिक्षक, वक्ता, कीर्तनकार, शीघ्रकवी अशा नाना भूमिका त्यांनी केल्या. एका जागी पाय ठरत नसे. कोणास न सांगता घरातून निघून जाणे हा त्यांच्या स्वभावाचा भागच होता आणि त्याची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागे. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत धर्मग्रंथांच्या संपादनाचे काम केले, आणि ‘ऋषि’ नावाच्या मासिकाच्या द्वारे धर्मविषयक प्रश्नांची चर्चा केली.

हा काळ वरवर पाहता अस्थिर भासतो. परंतु त्याखाली एक सलग शोध चालू होता. देशाची अवनती का झाली, जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र बांधणारे सूत्र कोणते, हे प्रश्न त्यांना छळत होते. टिळकांची धर्मजिज्ञासा प्रथम देशचिंतेच्या वाटेने आली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. विद्यमान धर्माने समाधान होईना, तेव्हा नव्या धर्माची काही तत्त्वे त्यांनी स्वतःशीच मांडून पाहिली. जगाचा एक सगुण निर्माता आहे, ईश्वरावर श्रद्धा आणि मनुष्यमात्रावर बंधुप्रेम हेच धर्माचे सार आहे, मूर्तिपूजा त्याज्य आहे, अशी ती तत्त्वे होती. हा धर्म बुद्धीने रचलेला होता. त्यात तत्त्वे होती. परंतु ज्याच्या मागे जावे असा कोणी त्यात नव्हता. मुमुक्षूची तळमळ होती, गुरू भेटला नव्हता.

३

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने निघाले होते. डब्यातील सहप्रवासी युरोपीय होता. संस्कृत काव्यावरून संभाषण सुरू झाले आणि धर्मावर येऊन ठेपले. त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत भेट दिली, आणि त्याचा नीट अभ्यास केल्यास दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांना ते विचित्र वाटले. पण पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत, टीकाकाराच्या दृष्टीने वाचन सुरू झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी येताच ही दृष्टी बदलली. ज्या प्रश्नांची उत्तरे ते तत्त्वांत शोधत होते, ती एका व्यक्तीच्या वाणीत आणि वागणुकीत त्यांना सापडू लागली.

तरीही निर्णय तात्काळ झाला नाही. पुढील काळ वाचनात, ख्रिस्ती मंडळींशी झालेल्या पत्रव्यवहारात आणि आंतरिक झुंजीत गेला. मन वळले तरी पाऊल उचलणे कठीण होते. कारण त्या पावलाची किंमत त्यांना ठाऊक होती. जात, आप्त, उपजीविका आणि पत्नी या सर्वांवर पाणी सोडण्याचा तो प्रश्न होता. अखेर १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो एखाद्या परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून घेतला, यात त्यांची वृत्ती स्पष्ट दिसते. धर्म बदलला तरी देश बदलावयाचा नव्हता.

४

या निर्णयाचा सर्वांत मोठा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. सोवळ्याओवळ्याचा कमालीचा कडकपणा असलेल्या घरात त्या वाढल्या होत्या. पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता त्यांना जवळजवळ मृत्यूच्या वार्तेसारखी होती. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आधाराने राहिल्या. यातील बराच काळ पंढरपुरात गेला. सुमारे चार-पाच वर्षे पतिपत्नी दुरावलेली होती. टिळकांनी दुसरा विवाह केला नाही आणि पत्नीवर धर्मांतराची सक्तीही केली नाही. पत्रे जात, कविता जात, मध्येच रागावणे आणि मनधरणीही होत असे.

टिळकांच्या श्रद्धेचा हा कसोटीचा टप्पा होता. धर्मांतरामुळे ज्यांना दुःख झाले त्यांच्या दुःखाची जबाबदारी धर्मांतर करणाऱ्यावर किती, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात टाळता येत नाही. ज्या प्रेमाच्या धर्मासाठी त्यांनी सर्वस्व सोडले, त्या धर्माची पहिली परीक्षा घरातच होती, आणि तेथे त्यांच्या हाती प्रतीक्षेवाचून दुसरे साधन नव्हते.

लक्ष्मीबाई अखेर पतीकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आरंभी त्यांनी आपला आचार वेगळा ठेवला. त्यांच्या अंतरंगातील बदल सुरू झाला तो सिद्धांताच्या चर्चेतून नसून जातिभेदाच्या प्रश्नातून. राहुरीच्या वास्तव्याच्या काळात, मनुष्यामनुष्यांतील उच्चनीचता देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, या विचाराने त्यांच्या मनाचा ताबा घेतला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही असा निश्चय त्यांनी केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पती बुद्धीच्या वाटेने आला, पत्नी आचाराच्या आणि अनुभवाच्या वाटेने आली. शिष्यत्वाच्या पायऱ्या सर्वांना एकाच क्रमाने चढाव्या लागत नाहीत, याचे इतके बोलके उदाहरण मराठी चरित्रवाङ्मयात क्वचितच आढळेल.

५

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे कार्यक्षेत्र अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे झाले. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ पासून चालू होते. टिळकांनी तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. बाह्यतः हा स्थैर्याचा काळ आहे. परंतु याच काळात त्यांच्या श्रद्धेने आणखी एक वळण घेतले.

प्रथम त्यांची ख्रिस्तनिष्ठा मुख्यतः विचारप्रधान होती. जुन्या धर्माशी नाते तोडलेल्या माणसाला पूर्वीच्या वाङ्मयाकडे वळण्यात संकोच वाटावा, हेही स्वाभाविक होते. काही वर्षांनी ते पुन्हा ज्ञानदेवांकडे आणि विशेषतः तुकारामांकडे वळले. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकारामांच्या पुलावरून, अशी त्यांची भावना होती. ज्या परंपरेचा त्याग केला असे लोकांना आणि काही काळ त्यांनाही वाटले असेल, तीच परंपरा आता त्यांच्या उपासनेची भाषा झाली.

या वळणाचे वाङ्मयीन फळ मोठे होते. तोवर मराठी मंडळ्यांतून पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांचा वरचष्मा होता. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी भजन-कीर्तनाची वाट पूर्वीच चोखाळली होती. टिळकांनी अभंग, पद आणि भजन या रूपांना ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी आणले. ‘उपासनासंगीत’ या संग्रहातील त्यांच्या गीतांमुळे खेड्यातील निरक्षर ख्रिस्ती माणसालाही आपल्या बोलीच्या लयीत प्रार्थना करता येऊ लागली. या गीतांत ख्रिस्त कधी गुरू आहे, कधी सखा आहे, कधी माउली आहे. विचाराने स्वीकारलेला उपदेशक येथे भक्तीचा विषय झाला. साधकावस्था ती हीच. तिच्यात मतापेक्षा नामस्मरण आणि सहवास यांना महत्त्व येते.

६

या साधनेची परिणती १९१७ साली झाली. टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ही कल्पना तत्कालीन चर्चला सहजी पचणारी नव्हती. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावले, त्यानेच बाप्तिस्मा ही शिष्यत्वाची अट मानू नये, यात अनेकांना विसंगती दिसली. पाण्याच्या संस्काराने माणूस मंडळीचा सभासद होतो हे खरे; पण प्रत्यक्ष अनुसरणाचे मोल त्याहून वरचे आहे, असे त्यांच्या अनुभवाने त्यांना शिकविले होते. शिवाय मिशनच्या छत्राखाली वाढलेला भारतीय ख्रिस्ती समाज परावलंबी राहतो, देशबांधवांपासून तुटतो, ही वेदनाही त्यामागे होती. तरुणपणीची देशचिंता येथे परत आलेली दिसते.

संन्यासाचाही असाच विचार करावा लागतो. उमेदीच्या वयात टिळक वारंवार घर सोडून जात. त्यात अस्वस्थता होती आणि मागे राहिलेल्यांची फारशी जाणीव नव्हती. १९१७ मधील त्याग निराळा होता. वेतन, अधिकार आणि पद यांचा तो त्याग होता, संसारातून पळ नव्हता. तरीही या निर्णयाची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलीच. साधकाच्या त्यागाचा खर्च त्याच्या जवळच्यांनाही भरावा लागतो, हे सत्य त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ने लपविलेले नाही, आणि म्हणूनच ते आत्मचरित्र टिळकांच्या श्रद्धेचे सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरते.

दरबाराला फार काळ लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला आणि रक्षा नगरला नेण्यात आली. दफनाची रूढी असलेल्या समाजात ही इच्छाही अर्थपूर्ण होती. देशाच्या चालीरीतींशी असलेले नाते त्यांनी अखेरच्या क्षणीही सोडले नाही.

७

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शालेय शिक्षण जवळजवळ न झालेल्या, एके काळी पतीच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीने ख्रिस्तचरित्राचे ते काव्य पुढे न्यावे, ही घटना दोघांच्याही वाटचालीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. दरबार संस्था म्हणून टिकला नाही. पण भारतीय वळणाच्या ख्रिस्ती जीवनाची ती कल्पना मागे उरली. १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी उभारलेला ख्रिस्त सेवा संघ याच दिशेचा होता.

दासबोधातील चार अवस्थांपैकी शेवटच्या अवस्थेवर टिळकांनी कधी हक्क सांगितला नाही. ख्रिस्ती श्रद्धेत शिष्याला गुरुपद मिळत नाही. त्याला अखेरपर्यंत मागेच चालावयाचे असते. जिज्ञासू, वाचक, दीक्षित, भक्त आणि संन्यासी अशी त्यांची रूपे बदलत गेली, पण प्रत्येक रूपात आधीची रूपे शिल्लक राहिली. संन्याशात देशभक्त होता, भक्तात आईवेगळा मुलगा होता. म्हणून टिळकांच्या कवितेची धर्मांतरपूर्व आणि धर्मांतरोत्तर अशी वाटणी करणाऱ्या अभ्यासकाच्या हाती दोन अर्धे टिळक लागतात. १८९५ ही त्या वाटेवरील एक महत्त्वाची पायरी होती. तिच्या दोन्ही अंगांना चालणारा साधक एकच होता.